इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलायचेत? आधी हे बघा, मग खरेदी करा

नवरात्र महिन्याभरावर आली की माझ्याकडे मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, ताई पिकअप बदलायचेत, कुठले घेऊ? मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते, बरीच वर्षं गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतेय आणि आपल्या आपण शिकत शिकत घरच्या टेबलावर गिटारी उघडून बसवते, त्यामुळे हा प्रश्न मला मनापासून आवडतो. पण मी लगेच नाव सांगत नाही. मी विचारते, अरे आधी सांग, आत्ताच्या आवाजात तुला काय खुपतंय? बहुतेकांना सांगताच येत नाही, "सगळे हाच घेतात" एवढंच उत्तर येतं. तर आधी वहीत एक वाक्य लिहा. ब्रिजचा (घोडीजवळच्या पिकअपचा) आवाज चिरका आहे, नेकचा (मानेजवळच्या पिकअपचा) बोजड आहे, घूंऽऽ असा हम येतो, जोरात वाजवलं की शिट्टी मारते, ढोल आणि कीबोर्डच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नाही, जे काय असेल ते. या प्रत्येक तक्रारीचं औषध वेगळं आहे आणि काहींचं औषध पिकअप नाहीच.

पिकअप म्हणजे काय ते पटकन सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार, साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, स्ट्रॅटच्या (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) जुन्या पद्धतीच्या पिकअपवर तिचे साडेसात-आठ हजार वेढे असतात. गिटारची स्टीलची तार चुंबकाच्या वर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये तेवढीच इवलीशी वीज तयार होते, ती केबलमधून अँपला जाते. म्हणूनच नायलॉनच्या तारांचं याला काही कळत नाही. वेढे किती, चुंबक कुठला, कॉइल म्हणजे तारेची गुंडाळी एक (सिंगल कॉइल) की दोन (हमबकर), आणि तारेपासून किती लांब, या चार गोष्टींवर बराचसा आवाज ठरतो.

चौथी गोष्ट फुकट आहे, फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि तीच कुणी करत नाही! ज्यांच्या घरी तानपुरा आहे त्यांना मी जवारीचं उदाहरण देते, घोडीवर तारेखालचा दोरा जरासा सरकवला की तोच तानपुरा मिटलेला वाटतो किंवा एकदम खुलतो, तार तीच आणि भोपळाही तोच. पिकअपच्या उंचीचं तसंच आहे. तार शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबून धरा आणि तार ते पिकअपचा खांब (तारेखालचं धातूचं गोल टोक) हे अंतर स्टीलच्या फूटपट्टीने मोजा. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलला जाड तारेच्या बाजूला सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेच्या बाजूला २ मिलिमीटर, हमबकरला नेकवर २.४ आणि ब्रिजवर १.६ च्या आसपास, इथून सुरुवात करा आणि मग पाव-पाव वेढा फिरवत कानाने ठरवा. स्ट्रॅटचे पिकअप फार वर आणले तर चुंबक तारेलाच ओढतो, वरच्या पट्ट्यांवर सूर बेसूर आणि दुहेरी ऐकू यायला लागतो आणि लोकं ट्यूनर बदलत बसतात. बोजड वाटणारा नेक पिकअप जाड तारेच्या बाजूने जरा खाली उतरवला की अर्ध्या वेळा तक्रारच मिटते.

उंचीच्या आधी तारा नव्या टाका हे सांगायलाच नको, इथल्या पावसाळ्यात आणि घामात तारा पंधरा दिवसांत मेलेल्या असतात आणि मेलेल्या तारांवर पिकअपचा निकाल लावणं बरोबर नाही.

मग पॉट बघा, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रोध. सिंगल कॉइलच्या गिटारीत साधारण २५० के (किलो-ओहम) चे पॉट असतात, हमबकरला ५०० के चे. पॉटचा आकडा जितका मोठा तितका आवाज उजळ, छोट्या आकड्याचा पॉट वरचा चिरका भाग थोडा खातो. एखाद्या गिटारीत हमबकर असून २५० के बसवलेले निघाले तर आवाज गुदमरलेला वाटणारच, आणि दोन पॉटच्या खर्चात काम होत असेल तर पिकअप कशाला? उलट स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप कानात टोचतो ही तक्रार तर रोजची, त्याचं कारण असं की स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये दोन टोन नॉबपैकी एक नेकचा आणि एक मधल्याचा, ब्रिजला टोन नॉबच नाही. स्विचवर वायरचा एक छोटा तुकडा सोल्डर केला की दुसरा टोन ब्रिजवर पण चालतो. मी निदान दहा जणांना हे करून दिलंय आणि त्यातल्या बहुतेकांनी मग पिकअप बदललेच नाहीत.

एवढं करूनही वहीतलं वाक्य तसंच राहिलं तर आता खरेदीचा विचार करा. पण फ्रेट घासलेत किंवा मान वाकलीये तर आधी ते करा, कारण पिकअप फक्त ऐकतो, वाजणारी गोष्ट गिटारच आहे.

आता हम. बडोद्यात गरब्यात वाजवणाऱ्याला याची किंमत जास्त कळते. माझी पहिली चांगली गिटार तीन सिंगल कॉइलची होती आणि घरी तिचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता, पण नवरात्रीत स्टेजवर उभी राहिले, मागे लाइटचे डिमर, बाजूला जनरेटरच्या केबल, पायाजवळ अडॅप्टरची रांग, आणि आरतीआधी सगळे शांत झाले तेव्हा फक्त माझाच घूंऽऽ आवाज मैदानभर. साउंडवाले भाई म्हणाले, "बेन, तमारी गिटारमांथी बहु अवाज आवे छे." त्या रात्री मी प्रत्येक गाण्यानंतर व्हॉल्यूम शून्य करत होते आणि बोटांपेक्षा लक्ष नॉबवरच जास्त होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तो हम आणि त्याची वरची १०० ची पट पांढरी पाचच्या किंचित वर पडते. पेटी लावून बघा, कळेल. म्हणजे नुसती कुरकुर नाही, तो एक बेसूर षड्जच सतत लागलेला असतो, आणि गाणारीला त्याचा त्रास होतो.

हमचं मूळ शोधायची पद्धत सोपी आहे. अँप चालू ठेवून गिटार गळ्यात घालून गोल फिरा. फिरताना हम कमी-जास्त होत असेल तर तो कॉइलमध्ये शिरणारा चुंबकीय हम आहे, त्याला पिकअपच बदलावा लागेल किंवा उभं राहायची दिशा. तारांना हात लावला की आवाज कमी होत असेल तर तो जास्त करून शिल्डिंगचा प्रश्न आहे, पोकळीत तांब्याची चिकट पट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की बराच फरक पडतो, पिकअप तेच राहू देत. पण हे लक्षात ठेवा की तांब्याची पट्टी पहिल्या प्रकारचा हम थांबवत नाही, पट्टी लावून पण हम गेला नाही म्हणून निराश झालेले मी पुष्कळ बघितलेत. आणि तारांना हात किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा, स्टेजचं अर्थिंग तपासायला सांगा, आणि हम घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, ओल्या मैदानावर त्यात जीव जाऊ शकतो.

चुंबकीय हमवरचा उपाय काढला गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीची गुंडाळी उलटी आणि तिच्याकडे चुंबकाचा ध्रुवही उलटा, त्यामुळे तारेचा आवाज दोन्हीकडून बेरजेत येतो आणि बाहेरचा हम वजाबाकीत जातो. पेटंटचा अर्ज १९५५ सालचा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये, आणि मधल्या काळात पिकअपच्या तळाला "पेटंट अप्लाइड फॉर", म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, असं स्टिकर असायचं, त्यावरूनच पीएएफ हे नाव पडलं जे आज सगळे कॅटलॉगमध्ये वापरतात. पीएएफ स्टाइल असं कुठे दिसलं तर समजा मध्यम आउटपुट, साडेसात-आठ के च्या आसपास, जुन्या वळणाचा हमबकर.

पण हमबकर म्हणजे सिंगल कॉइल उणे हम असं नाही. दोन कॉइल तारेच्या थोड्या वेगवेगळ्या जागा ऐकतात, त्यात वरची काही चमक जाते आणि आवाज जाड, गोल होतो. ज्याला ती काच हवीच आहे त्याच्यासाठी मधले रस्ते आहेत. एक, मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा आणि उलट्या चुंबकाचा घ्या, मग पाच पोझिशनच्या स्विचवर दोन आणि चार नंबरला हम जातो आणि गरब्यातली तालाची साथ तर त्या दोन पोझिशनवरच सुंदर लागते. दोन, एकावर एक कॉइल रचलेले नॉइजलेस सिंगल कॉइल, आवाज मूळ सिंगलच्या जवळ पण माझ्या कानाला जरा बसका, तरी स्टेजसाठी मी त्यांना चांगलं म्हणते. तीन, सिंगलच्या मापात बसणारे पातळ हमबकर, ज्यात खांबांऐवजी पट्ट्या असतात, लाकूड न कोरता स्ट्रॅटचा ब्रिज जाड करायचा असेल तर हा उत्तम. पी-९० बद्दल मुलं फार विचारतात, गिब्सनचा १९४६ सालचा, आवाज मधोमध भरलेला आणि थोडा खरखरीत, मला फार आवडतो, पण तो पण एकाच कॉइलचा आहे तेव्हा हम असणारच आणि स्ट्रॅटच्या खाचेत तो सरळ बसत नाही.

आता तो के चा आकडा, ज्यावरून सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. जाहिरातीत लिहिलेलं असतं ८ के, १४ के, १६ के, आणि लोकं त्याला हॉर्सपॉवर समजतात. तो फक्त तांब्याच्या तारेचा विद्युतरोध आहे. वेढे वाढवले की तो वाढतो आणि आउटपुटही वाढतं हे खरं, पण तार बारीक घेतली तर वेढे तेवढेच ठेवून पण आकडा फुगतो. दिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप साधारण पावणेचौदा के चा आणि सेमूर डंकन कंपनीचा जेबी सोळाच्या वरचा, पण त्यावरून जेबी जास्त जोरात असं ठरवता येत नाही, कारण चुंबक वेगळा आणि तारही वेगळी. एकाच जातीच्या दोन पिकअपमध्ये तुलना करायची असेल तरच आकडा कामाचा. आणि तांब्याचा रोध उन्हाने पण वाढतो, एका अंशाला जवळजवळ ०.४ टक्के, म्हणजे २० अंशाला आठ के दाखवणारा पिकअप आपल्या मे महिन्याच्या दुपारी साडेआठच्या वर जातो. मल्टिमीटरवर आकडा जुळला नाही म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी एवढं आठवा.

चुंबकांचं मी असं सांगते. अल्निको म्हणजे लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट मिसळलेला चुंबक, त्यातला दोन नंबरचा मऊ, सूर जरा मागून येतो, ब्लूज किंवा भावगीताच्या साथीला छान. पाच नंबरचा जोमदार, खाली घट्ट आणि वर चमक. सिरॅमिक सहसा अजून ताकदवान, डिस्टॉर्शनमध्ये आवाज फुटत नाही, एकेक सूर सुटा ऐकू येतो. सिरॅमिक म्हणजे स्वस्त आणि वाईट हा समज सोडा, सुपर डिस्टॉर्शन १९७२ पासून सिरॅमिकवरच उभा आहे. स्वस्त गिटारीतला सिरॅमिक वाईट वाटतो तो बहुतेक वेळा बाकीच्या बनावटीमुळे, खांबांच्या जागी नुसते लोखंडी खिळे आणि तळाला चिकटवलेली चुंबकाची पट्टी.

जोरदार पिकअपचा मोह मलाही झाला होता. मेटल (जड रॉक) वाजवत नसतानाही मी एकदा ब्रिजला भरपूर आउटपुटचा सिरॅमिक हमबकर टाकला, घरी एकटीने वाजवताना वाटलं गिटार मोठी झाली, पण ऑर्केस्ट्रात उलटंच झालं. जास्त आउटपुट अँपच्या आधीच्या टप्प्यातच दबतं, हळू आणि जोरात यातला फरक मरतो, आणि गरब्याच्या सुरावटीत जी मुरकी बोटाच्या जोरावर ऐकू यायला हवी ती सपाट झाली. त्याशिवाय खालचा भाग ढोलाशी आणि कीबोर्डच्या डाव्या हाताशी भांडायला लागला. गर्दीत ऐकू यायला आवाज मोठा लागत नाही, जागा मोकळी लागते, आणि गिटारची जागा मधल्या पट्टीत आहे. तो पिकअप मी काढून मध्यम आउटपुटचा अल्निको पाच टाकला आणि जिथे जास्त हवं तिथे पेडल. पेडल पायाने बंद होतं, पिकअप होत नाही. तुम्ही खरंच जड संगीत वाजवत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे तो घट्टपणाच हवा असतो आणि तिथे सिरॅमिक किंवा ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) घ्या. ॲक्टिव्हला, जसे ईएमजीचे, ९ व्होल्टची बॅटरी ठेवायला जागा लागते, २५ के चे पॉट लागतात, आणि जॅकमध्ये केबल राहिली की बॅटरी संपत राहते. एकाच गिटारीत एक ॲक्टिव्ह एक पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) असं करू नका, पॉटचं गणित दोघांनाही मानवत नाही.

दोन्ही पिकअप बदलताना जोडी म्हणून घ्या. नेकजवळ तार जास्त झुलते, ब्रिजजवळ कमी, म्हणून ब्रिजचा पिकअप मुद्दाम जरा गरम, म्हणजे जास्त वेढ्यांचा गुंडाळलेला असतो. दोन्हीकडे सारखाच घातला तर स्विच फिरवला की आवाजाची पातळी बदलते आणि साउंडवाला वैतागतो.

मापं. हमबकर मागवायच्या आधी पिकअपच्या जागेवर पहिली आणि सहावी तार यांच्यातलं अंतर मोजा. ट्रेमोलो ब्रिजच्या (दांडीने सूर हलवता येणाऱ्या घोडीच्या) गिटारीवर ते बहुतेक ५२ मिलिमीटरच्या जवळ असतं, जुन्या गिब्सन मापाच्या पिकअपचे खांब ४९ च्या आसपास, आणि याच कारणाने दिमार्झिओ एफ-स्पेस्ड आणि सेमूर डंकन ट्रेमबकर अशी रुंद मापं काढतात. एखाद मिलिमीटरने काही बिघडत नाही, पण डोळ्याला खुपतं. पोकळीची खोली पण बघा, काही स्वस्त गिटारींचं लाकूड पातळ असतं आणि हमबकरचे पाय तळाला टेकतात. नवे मोठे पॉट घेणार असाल तर त्यांना साधारण ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, आशियाई बनावटीच्या गिटारीत भोक बारीक असतं, ते मोठं करताना पिकगार्ड तडकतं, तेव्हा ड्रिलपेक्षा कानशीने हळूहळू करा.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त घोळ रंगांचा. चार वायरच्या हमबकरमध्ये सेमूर डंकनची काळी हॉट (आवाज नेणारी), हिरवी आणि उघडी वायर ग्राउंड, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची. दिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंड, काळी-पांढरी जोडायची. एकाचा नकाशा बघून दुसरा बसवला तर आवाज अर्धा किंवा अगदी पातळ, मी हे एकदा रात्री घाईत केलंय आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत उकललं. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावल्यावर दोन्ही चालू केले की आवाज नाकातून आल्यासारखा पातळ झाला तर ते एकमेकांच्या फेजमध्ये नाहीत, एकाची हॉट आणि ग्राउंड अदलाबदल करा, मात्र उघडी वायर ग्राउंडलाच ठेवा. म्हणून जमलं तर चार वायरचेच घ्या, नंतर कॉइल स्प्लिट करायची (दोनपैकी एकच कॉइल चालवायची) पण सोय राहते.

सोल्डरिंगला मी ४० वॉटचं आयर्न आणि ६०/४० ची तार वापरते, पॉटच्या पाठीवर जोड द्यायला त्याहून कमी पुरत नाही, वेळ लागतो आणि पॉट आतून भाजतो. आधी मोबाइलवर जुन्या जोडणीचे तीन-चार फोटो काढा, गिटारवर जुनं फडकं टाका, सोल्डरचा थेंब पॉलिशवर पडला तर डाग जात नाही. बंद करायच्या आधी केबल लावून प्रत्येक पिकअपच्या खांबावर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा, टक ऐकू आलं म्हणजे जोडणी बरोबर.

सेकंडहँड घेताना गिटार उघडायची गरज नाही. केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, स्विच एकाच पिकअपवर, आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. आठ के चा हमबकर ५०० के च्या पॉटबरोबर ७.९ च्या आसपास दाखवेल, सहा के चा सिंगल २५० बरोबर ५.९. नुसता पॉटचाच आकडा, २५० किंवा ५०० के च्या आसपास, आला तर कॉइल तुटलेली किंवा पिकअपचा जोड सुटलेला, अगदी अर्धा आकडा आला तर हमबकरची एकच कॉइल चालू आहे. मग अँपच्या जवळ उभं राहून गेन वाढवा आणि तारा हाताने दाबून धरा, तरीही चिरकी शिट्टी आली तर कॉइलमध्ये मेण नीट भरलेलं नाही, वेढे सुटे आहेत. फार जोरात न वाजवणाऱ्याला ते चालेल, काहींना तो मोकळा आवाजच आवडतो, पण स्टेजसाठी घेऊ नका.

बसवल्यावर लगेच निकाल देऊ नका. पहिल्या दिवशी नवीन म्हणून सगळंच छान वाटतं. ढोल, कीबोर्ड, गाणारी, सगळ्यांबरोबर एक पूर्ण रिहर्सल करा, खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा, मधल्या सुट्टीत उंची पाव वेढा वर-खाली करा आणि जे जमलं ते मिलिमीटरमध्ये वहीत त्या पहिल्या वाक्याच्या खाली लिहा. जुने पिकअप स्क्रू आणि स्प्रिंगसकट पिशवीत घालून वर गिटारचं नाव आणि ब्रिज की नेक ते लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत बसवावेसे वाटले तर ते हाताशी असतील, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींना खरंच तसं वाटलंय.